कोऱ्या कागदाखालची सही

जून लागला की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना हे आता पाठ झालंय. मे संपत आला की नसीम, माझी बायको, रक्तदाबाची गोळी स्वतःच्या हाताने काढून माझ्या ताटाजवळ ठेवायला लागते आणि लातूरला लेकीकडे जायचा विषय निघाला की दुसरं काहीतरी बोलते. पण जावं लागतंच. यंदाही गेलो. नांदेडहून एसटीत बसलो, लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं आणि लातूर जवळ आलं तसे शिकवणी वर्गांचे ते फलक सुरू झाले. एकेका फलकावर गुणवंत पोरांचे इतके चेहरे, की नावं वाचता वाचता गाडी पुढे निघून जाते. पोरं हसत नाहीत. पासपोर्टच्या फोटोत कोण हसतं?

स्टँडवर उतरलो तर नेहमीचीच गर्दी. डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेला बाप, काखेत गादीची वळकटी. मागे आई, तिच्या हातात लोणच्याची बरणी. आणि पोरीच्या छातीशी घट्ट धरलेली प्लॅस्टिकची फाईल. हदगावकडची असतील, अर्धापूरची असतील, कुठलीही असोत, फाईल तशीच धरलेली असते. बाकीच्यांना त्या गर्दीत पोरांची स्वप्नं वगैरे दिसत असतील. मला ती फाईल दिसते. तिच्यात कोणता कागद आहे आणि कोणता नाही, हे विचारावंसं वाटतं, आणि मग स्वतःचाच इतका संताप येतो की रिक्षावाल्याशी उगाच भांडतो.

हा संताप जुना आहे. एका जूनचा आहे. त्या वर्षी मी सरकारच्या अभिलेख सल्लागार समितीचा मानद सदस्य होतो.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवणारा मास्तर. उर्दूवाले मला मराठीचा समजायचे आणि मराठीवाले उर्दूचा. पण निजामाच्या काळातलं शिकस्ता वळणाचं उर्दू, म्हणजे कारकुनांनी घाईघाईत लिहिलेलं, नुक्ते गाळलेलं, एकमेकांत अडकलेलं अक्षर मला वाचता येतं. वडील कचेरीत होते, त्यांनी शिकवलं. आमच्याकडचं जुनं दफ्तर सगळं त्याच अक्षरात. तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि एक दिवस लिफाफा आला. जुन्या कागदपत्रांचं जतन, वर्गीकरण आणि नाशन याबाबत शासनास सल्ला देण्यासाठी आपली नियुक्ती करण्यात येत आहे. मी ते पत्र शाळेत सगळ्यांना दाखवलं, हे आता कबूल करतो. नसीमला दाखवलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तनखा नै, भत्ता नै, खाली मुंडी हलाने को इत्ते दूर जाते क्या जी तुम?"

मी चिडलो होतो तिच्यावर. ती बरोबर होती.

बैठक लातूरच्या एका कचेरीत व्हायची. कोणत्या, ते सांगत नाही. तशा कचेऱ्या सगळीकडे आहेत आणि सगळीकडे तेच चालतं. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि पोह्यांची बशी. अध्यक्ष म्हणजे एक साहेब, वागायला अतिशय गोड. दर वेळी म्हणायचे, "सर, तुमच्यासारखे जाणकार आहेत म्हणून आम्हाला आधार." त्या आधाराला त्यांनी एकदाही एक कागद वाचायला दिला नाही. मी मागितला तर, "पुढच्या वेळी नक्की दफ्तरखाना दाखवू."

दफ्तरखाना मी एकदाच पाहिला, तोही चुकून, हात धुवायला जागा शोधताना. लाल कापडात बांधलेले बस्ते छतापर्यंत रचलेले. कापडाचा रंग उडून वीटकरी झालेला. कसरीचा, ओलीचा आणि जुन्या खळीचा वास. मला तो वास आवडतो, वडिलांच्या सदऱ्याला यायचा. दारात रेकॉर्ड सांभाळणारे बिरादार उभे होते, निलंग्याकडचे, सरळ माणूस. मी विचारलं, "यात उर्दू किती?"

"लई हाय सर. मोजलंय कुणी? कोण वाचून राहिलंय आता ते?"

"मी वाचतो की. त्यासाठीच तर मला घेतलंय."

बिरादार हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

आता त्या कचेरीची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं. बैठक संपत आली की शिपाई एक कागद फिरवायचा. वरचा पाऊण भाग कोरा, खाली सदस्यांची नावं आणि नावांपुढे सहीला जागा. "इतिवृत्त मागाहून टाइप करून घेतो साहेब, सह्या तेवढ्या राहू द्या." सगळे करायचे. निवृत्त प्राध्यापक करायचे, वकील करायचे. मीही करायचो. वर्गातल्या पोरांना जन्मभर ओरडत आलो, आधी प्रश्न नीट वाचा, मग पेन उचला. आणि मी स्वतः कोऱ्या कागदाखाली झोकदार सही ठोकत होतो. हिवाळ्यातली एक बैठक तर अर्ध्या तासात आटोपली. साहेबांना कुणाच्या तरी शेतात हुरड्याला जायचं होतं. आम्हालाही चला म्हणाले. मी गेलो. हुरडा चांगला कोवळा होता, सोबत तिळाची चटणी होती. आज ते आठवलं तरी तोंड कडू होतं.

मला हे सगळं इतकं का झोंबतं, त्यासाठी आणखी मागे जावं लागेल.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे धरणी हलली तेव्हा मी नांदेडात होतो. भांडी वाजली, आम्ही अंगणात आलो, पुन्हा झोपलो. सकाळी रेडिओ लावला तेव्हा कळलं. आम्ही काही मास्तर मंडळी घोंगड्या आणि भाकऱ्या घेऊन ट्रकने निघालो. ज्या गावात उतरलो, त्या गावात गल्ल्या उरल्या नव्हत्या. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं होती, ती झोपलेल्या माणसांवर बसली होती. वरून पाऊस. चिखलात जळण पेटत नव्हतं आणि जाळायची माणसं संपत नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या गावच्या हेडमास्तरांनी मला धरलं. डोक्याला पट्टी, पायात एकच चप्पल. म्हणाले, "गुरुजी, शाळेची पेटी काडू लागा. गाव गेलं, गावाचं दाखल-खारीज तरी ऱ्हाऊ द्या." दाखल-खारीज म्हणजे शाळेत कोण आलं, कोण गेलं, त्याचं रजिस्टर. गावातल्या चार जणांनी पहारी लावल्या. त्यात प्रकाश नावाचा तरणा गवंडी होता. त्याचा बाप आदल्या दिवशी सापडला होता आणि तसाच, आंघोळही न करता, तो पहार घेऊन आला होता. पेटी निघाली. आतलं सर्वात जुनं रजिस्टर उर्दूत, कडेने भिजलेलं, पण अक्षर धड होतं. निजामाची काळी शाई, ती पाण्याला दाद देत नाही.

मग पत्र्याच्या शेडमध्ये एक विचित्र गोष्ट घडली. मला ते अक्षर वाचता येतं हे कळल्यावर माणसं भोवती जमली. त्यांना दाखला नको होता. त्यांना फक्त ऐकायचं होतं. "आमच्या आज्ज्याचं हाय का बगा." "थोरल्या चुलत्याचं बगा की." घरात फोटो नव्हते, होते ते मातीखाली गेले होते. मी पान उलटायचो, नाव वाचायचो, बाई पदर तोंडाला लावायची. प्रकाशने त्याच्या बापाचं नाव सांगितलं. सापडलं. मी मोठ्याने वाचलं, "किसन वल्द लिंबाजी. उम्र सात साल." म्हणजे लिंबाजीचा मुलगा, वय सात. कौमच्या रकान्यात जात. छप्पन्न साली धम्म स्वीकारून त्या घराने जी टाकून दिली, तीच. तिसरीतून नाव कमी. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात, कोण जाणे कुठल्या परगावच्या मास्तराने, एकच शब्द लिहिला होता: जहीन.

"म्हंजी?" प्रकाशने विचारलं.

"हुशार. बुद्धीचा तल्लख."

त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "जलमभर दुसऱ्याच्या शेतात राबला की वो. आमाला कधी बोलला बी न्हाई."

हेडमास्तर आणि मी ते रजिस्टर गव्हाच्या पोत्यात गुंडाळून लातूरला कचेरीत नेऊन दिलं. नवं गाव वसेपर्यंत सरकारजवळ सुरक्षित राहील म्हणून. रीतसर पोच घेतली: जुने उर्दू रजिस्टर, एक नग, कडेने भिजलेले. ती पोच हेडमास्तरांनी जपली आणि मरताना प्रकाशकडे दिली. मला हे पुढे कळलं.

नवं गाव वसलं, पण रजिस्टर परत न्यायचं राहूनच गेलं. नंतर लातूर वाढलं. प्रकाश गावातून इथे आला आणि बांधकामावर लागला. ज्याचा बाप भिंतीखाली गेला, तो भिंती बांधत सुटला. शिकवणीचे वर्ग, त्यावर वर्ग, पोरांच्या खोल्या, मेस, अभ्यासिका. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहिली होती, आता पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्स शिकवत होते. प्रकाशची मुलगी स्नेहल त्याच शहरात, तिच्या बापाने बांधलेल्या वर्गांच्या गल्लीतून चालत शाळेत जायची. डोकं तिच्या आज्याचं होतं.

आणि मग तो जून आला. मृग कोरडा चालला होता. मी बैठकीला म्हणून आलो, तर कचेरीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. बारावीचा निकाल लागलेला, प्रवेशांची धांदल, दाखल्यांच्या रांगा फाटकाबाहेर गेलेल्या. त्या रांगेतून एक माणूस पुढे आला. केस पांढरे, हाताला सिमेंटचे चट्टे.

"वळखलं का गुरुजी? शेडात तुमी नावं वाचली हुती बगा."

मी ओळखलं, प्रकाश. बाजूला स्नेहल उभी होती, छातीशी फाईल. मेडिकलला नंबर लागत होता. अडलं होतं जातवैधतेवर. घराण्यातला शाळेत गेलेला जुना माणूस एकच, किसन वल्द लिंबाजी. बाकी कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि प्रकाशच्या दाखल्यावर नुसतं बौद्ध. ज्या जातीने पिढ्या गावाबाहेर ठेवल्या, तिच्यातून बाहेर पडल्यावर सरकार म्हणतं, आधी होता त्याचा पुरावा आणा. आणला असता. पुरावा होता. मी या डोळ्यांनी वाचलेला होता. पोच त्याच्या खिशात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेली.

मी इतका खूश झालो त्या क्षणी! सांगायला लाज वाटते. मला वाटलं, अखेर या सदस्यपणाचा कुणाला तरी उपयोग होणार. "चला माझ्याबरोबर," मी रुबाबात म्हणालो आणि त्या दोघांना घेऊन दफ्तरखान्याकडे गेलो.

दफ्तरखाना नव्हता. तिथे पांढऱ्या फरशीचा चकचकीत हॉल होता. पंखे, बाकडी, काचेच्या खिडक्या. वर पाटी: दाखले वाटप केंद्र. दाखल्यांसाठी रांग लावायला जागा कमी पडत होती, म्हणून दाखले ज्यांच्यावरून द्यायचे ते कागदच हलवले होते. मी तिथे उभा राहून वेड्यासारखा पंखे मोजत होतो.

बिरादार एका कोपऱ्यातल्या टेबलाशी सापडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्रकाशच्या हातातल्या पोचेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सर, ते 'ड' मदी गेलं."

वर्ग अ म्हणजे कायम जपायचे कागद. वर्ग ड म्हणजे थोडे दिवस ठेवून नष्ट करायचे. शाळेचं रजिस्टर ड मध्ये? मी ओरडलो. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. बिरादार हळू आवाजात म्हणाले, "हॉल रिकामा करायचा हुकूम हुता. मी म्हणलो, उर्दूचं कुणाला तरी इचारा. तर म्हणले, समितीत उर्दूचे जाणकार हायत, त्यांची मंजुरी हाय. हे बगा."

त्यांनी नाशन यादी पुढे केली. पानामागून पान. त्या पानांत ती ओळ होती: जुनी रजिस्टरे, भिजलेली, अवाचनीय, वर्ग ड. लगद्यासाठी रवाना. आणि यादीच्या शेवटच्या पानावर सदस्यांच्या सह्या. माझी सही, ठसठशीत, झोकदार. हुरड्याच्या दिवशीची. खाली आम्ही सह्या केल्या होत्या आणि वर त्यांनी यादी टाइप केली होती.

अवाचनीय! वाचता येतं म्हणून ज्याला नेमलं, त्याच्या सहीने ते अवाचनीय ठरलं. एकाही माणसाने एकही बस्ता सोडून बघितला नाही. दगडांच्या ढिगाखालून पहारींनी काढलेलं, बापाला अग्नी देऊन आलेल्या पोराने काढलेलं रजिस्टर या लोकांनी पोहे खात खात लगद्याला घातलं. आणि त्या पोह्यांच्या बशीला माझेही हात लागले होते. शिव्या मला येतात, दोन भाषांत येतात. त्या दिवशी एकही पुरली नाही.

मी यादी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. त्यांनी चहा मागवला. मी म्हणालो, चहा नको. हे रजिस्टर मी स्वतः वाचलेलं आहे, त्यातली ओळ मला पाठ आहे, मी कुठेही साक्ष देतो.

साहेब गोडच बोलले. "सर, तुम्ही वाचलेलं होतं, तर त्या बैठकीत हरकत का नाही घेतली? ही तुमचीच सही ना?"

"कागद कोरा होता!"

"असं लेखी देऊ नका बरं का. तुमच्याच अंगाशी येईल. सदस्यांनी कोऱ्या कागदावर सही केली, हे वाचायला बरं दिसेल का?"

मी लेखी दिलं. तिथेच बसून दिलं. त्याचं काही झालं नाही. प्रतिज्ञापत्र केलं, वैधतेच्या सुनावणीला उभा राहिलो. तिथल्या बाईंनी विचारलं, मूळ अभिलेख? मी म्हणालो, नष्ट झाला. कुणाच्या मंजुरीने? बाजूला स्नेहल बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग फाईलच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. पोचेवरून एवढंच सिद्ध होतं की एक नग रजिस्टर मिळालं. त्यात काय लिहिलं होतं, ते पोच सांगत नाही. मुदत संपली. जागा दुसऱ्याला गेली.

राजीनामा मी दिला नाही. राजीनामा दिला तर त्यांची सोय होईल असं वाटलं. पुढच्या बैठकीत मी म्हणालो, प्रत्येक यादी मोठ्याने वाचायची, एकेक बस्ता सोडून दाखवायचा, त्याशिवाय मी हजेरीची सुद्धा सही करणार नाही. प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. त्यानंतर मला बैठकीचं पत्र आलंच नाही. नसीम एका शब्दाने मला बोलली नाही, ते मला जास्त लागलं.

स्नेहल नर्सिंगला गेली. आज एका दवाखान्यात सिस्टर आहे आणि चांगली सिस्टर आहे. भेटली की रक्तदाब बघते, ओरडते, गोळी वेळेवर घ्या म्हणते. एकदा मी विषय काढला, तर म्हणाली, "जाऊ द्या की आता सर, किती दिवस धरून बसताव?" तिला पुढे जायचं होतं, ती गेली. मी नाही जाऊ देणार. कुणीतरी धरून बसलं पाहिजे. ते साहेब बढती घेऊन गेले, हॉलच्या फरशा दोनदा बदलल्या आणि जूनमध्ये तिथे रांग लागते ती लागतेच. रांगेतल्या किती जणांचा आजा लगद्यात गेला, हे विचारायला कुणी नाही. मीसुद्धा एकच यादी बघितली. बाकीच्या सह्यांवर काय काय टाइप झालं असेल, ते मला ठाऊक नाही आणि ते ठाऊक नसणं दर जूनला नव्याने डोक्यात जातं.

यंदा लेकीकडे पोचलो त्या संध्याकाळी प्रकाश भेटायला आला. आता तो काम करत नाही, गुडघे गेलेत. नातीला, स्नेहलच्या मुलीला, पहिलीत घातलंय म्हणून पेढे आणले होते. चहा झाला. मग त्याने पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"बाबाची ती रजिस्टरातली वळ लिवून द्या, गुरुजी."

"कशाला? कुठेच चालणार नाही ती आता."

"न्हाई चालली तर न्हाई. तुमाला पाठ हाय न्हवं? तुमी बी म्हातारे झालाव. तुमच्या डोस्क्यातलं तुमच्यासंगं जाईल. मग कुणाकडं मागू?"

मी चष्मा लावला. आधी उर्दूत लिहिलं, त्या अनोळखी मास्तराचं वळण आठवत. किसन वल्द लिंबाजी, उम्र सात साल. कौम लिहिली, ती त्या पानावर होती म्हणून. तिसरीतून नाव कमी. मग शेरा. प्रकाश माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

"त्याच्या म्होरं मराठीत बी लिवा. हुशार म्हणून. म्हंजी पोरीला वाचता येईल."

लिहिलं.

"आन् खाली सही करा."

माझा हात थांबला. त्याने घाई केली नाही. मी कागद उचलला आणि वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग सही केली.